कमानीच्या पुढचे चारशे मीटर

आमच्या पांढुर्ण्यात जानेवारीत जी दौड होते, तिला दोन शेवट आहेत. एक शाळेच्या मैदानासमोर. तिथे दौड भरवणाऱ्या मंडळाची कापडी कमान असते, माईकवर अध्यक्ष असतात आणि गळ्यात मेडल घालायला पाहुणे उभे असतात. दुसरा तिथून चारशे मीटर पुढे, भाजीबाजाराच्या तोंडाशी. तिथे रस्त्यावर चुन्याची एक रेघ असते आणि बाकी काही नसतं. पहिल्या शेवटाला सगळे पोचतात, दुसऱ्याला आम्ही आठ-दहा जण. कमानीखालून न थांबता आम्ही तसेच पुढे निघालो की बाहेरगावचे धावणारे हसतात. अध्यक्षांना मात्र आता सवय झाली आहे. ते माईकवर सांगतात, "समोर जानाऱ्यायनं उजव्या बाजूनं जावं. वापस येईपर्यंत पोहे संपले तं आमाले बोलू नये."

हा दुसरा शेवट ज्यांच्यामुळे आला, त्यांना सगळं गाव टाइमकीपर म्हणायचं. तोंडावर बाबूजी, पाठीमागे टाइमकीपर. रस्ते बांधणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी याच हुद्द्यावर गेली होती. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत जिथे गिट्टी पडली आणि डांबर उकळलं, तिथे हे झाडाखाली खुर्ची टाकून मजुरांची हजेरी लिहीत बसलेले. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ काढून जावयाला देऊन टाकलं, ते पुन्हा म्हणून घातलं नाही. मी एकदा कारण विचारलं.

"जिंदगीभर लोकायचे टाइम लिवले जी," ते म्हणाले. "आता मी कोनाले टाइम विचारत नाही."

आणि खरंच विचारत नसत. नागपूरची गाडी पकडायची असली तरी उजेड बघून घरून निघत आणि स्टेशनवर तासभर आधी जाऊन बसत.

वेळ सोडली, पण अंतर काही सुटलं नाही. त्यांच्याकडे एक काळी जुनी सायकल होती. पुढच्या चाकाच्या तारेला त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी बांधली होती. चाकाचा एक फेरा झाला की ती पट्टी दांडीवर टक् करून वाजायची. शंभर वेळा वाजली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. चाकाचा एक फेरा म्हणजे किती, हे शाळेच्या मैदानावर खात्याची लोखंडी टेप टाकून त्यांनी ठरवलेलं होतं आणि दर महिन्याला ते पुन्हा तपासायचे. मोजणी फक्त सकाळच्या थंडाव्यात करायची, कारण उन्हात टायर फुगतं. आणि पोट रिकामं ठेवूनच करायची. "जेवून बसलं का टायर दबते," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. "टायर दबलं का चाक लहान होते, अन् चाक लहान झालं का रस्ता लंबा होते." म्हणजे पोटात दोन भाकरी जास्त गेल्या तर शेजारचं तिगाव लांब जातं. मी हसायचो. नंतर एका शिकलेल्या माणसाने मला सांगितलं की हे शब्दशः खरं आहे.

मोजणी चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमची ओळखच त्यातून झाली. मी तेव्हा डॉक्टरांच्या धाकाने सकाळी फिरायला लागलो होतो. तिगावच्या रस्त्यावर कानटोपी घातलेला एक उंच, वाळका म्हातारा सायकलवरून अगदी हळू येताना दिसला. मी म्हटलं, "राम राम बाबूजी!" ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून जवळ जाऊन पुन्हा जोरात म्हटलं, "राम राम! सकाळी सकाळी इकडं कुठं?"

त्यांनी पाय टेकला. माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागेच सरलो.

"एकवीस चिंचोके झाले होते," ते म्हणाले. "अन् वर त्रेसष्ट. आता चौसष्ट झाले का पासष्ट, तुमी सांगा."

त्यांनी सायकल वळवली आणि साडेचार किलोमीटर मागे, शाळेच्या फाटकापर्यंत, पहिल्यापासून मोजायला निघून गेले. गावातले निम्मे लोक त्यांना गर्विष्ठ समजायचे, ते याच रस्त्यावरच्या राम रामामुळे.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, बाजाराच्या रस्त्यालाच. त्या राम रामानंतर चार दिवसांनी ते दुकानात आले. एकरेघी जाड वही मागितली. मी दोनशे पानी दिली. त्यांनी काउंटरवरच, बोटाला थुंकी लावून, पानं मोजायला सुरुवात केली. मागे दोन गिऱ्हाईकं उभी. मी घसा खाकरला, पण आता बोलायची हिंमत नव्हती. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "हे शहाण्णव पानं आहेत. दोन्ही बाजू धरून एकशे ब्याण्णव."

"बाबूजी, कव्हर धरून दोनशे म्हणतात," मी म्हटलं. "सगळ्या कंपन्या असंच करतात."

"कव्हरवर लिवता येते का?"

त्यांनी खिशातून पेन काढलं, पुठ्ठ्यावर छापलेला दोनशेचा आकडा खोडला, खाली नीटनेटकं शहाण्णव लिहिलं आणि वही घेऊन गेले. वीस वर्षं मी ते दुकान चालवत होतो. इतक्या वर्षांत मीसुद्धा ती पानं कधी मोजली नव्हती. त्या दिवशी दुपारी मी गुपचूप पाच वह्या मोजल्या. सगळ्या शहाण्णवच्या.

आता माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत मी गोल मुलगा होतो. खेळाच्या तासाला सर सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि मला कडेला बसवून धावणाऱ्या पोरांच्या चपला सांभाळायला सांगायचे. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण पाच वर्षं मी चपला सांभाळल्या, आणि कोणाची चप्पल कोणती हे मला आजही आठवतं. पंचेचाळिशीला शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला. चालता चालता एक दिवस थोडं पळून पाहिलं आणि बरं वाटलं. मग पळतच सुटलो. मनाशी एक ठरवलं. दहा किलोमीटर एका तासाच्या आत धावायचं, एकदा तरी. एकदा जमलं की त्या चपला मी खाली ठेवीन, असं मला वाटायचं. हे मी बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि पुढच्या जानेवारीत ते जमलं! मंडळाच्या दौडीत, मैदानापासून तिगावच्या रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन परत, अठ्ठावन्न मिनिटं चाळीस सेकंद. मंडळाने सर्टिफिकेट दिलं. मी त्याला काचेची चौकट करून गल्ल्यामागे खिळा ठोकला आणि लावलं. जे गिऱ्हाईक वर बघायचं नाही, त्याला वर बघायला लावायचो. बायको म्हणायची, "लग्नाचा फोटू कपाटात ठेवला, अन् हे गल्ल्यावर!"

फेब्रुवारीत टाइमकीपर पेनची रिफिल घ्यायला आले. चौकटीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. कारण तेही त्याच दौडीत धावले होते.

"हे गलत आहे जी," ते म्हणाले.

"काय गलत आहे?"

"टाइम सही असन. दहा गलत आहे. वळायचा ड्रम सरकला होता."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मंडळाने रस्ता मोजलाय, पाहुण्यांची सही आहे, तुम्ही कोण सांगणार? ते शांतपणे रिफिल लिहून बघत होते. म्हणाले, "रविवारी या. पाहून घ्या. बोलू मात्र नोका."

मी न जायचं ठरवलं आणि रविवारी गेलो. ते त्यांच्या सायकलवर, मी माझ्या स्कूटीवर मागे, तोंड शिवल्यासारखा. टक्, टक्, टक्. रस्त्यालगत संत्र्याची छाटणी करायची एक मोठी शेड आहे. तिच्या भिंतीच्या आडोशाला ते थांबले. तिथे शेकोटीची राख होती, आणि राखेजवळ मातीत ड्रमच्या बुडाचा गोल ठसा अजून तसाच होता. मग ते पुढे निघाले. त्र्याण्णव टक् झाल्यावर पुन्हा थांबले. तिथे डांबरावर मंडळाने मारलेली पांढरी रेघ होती, पुसट झालेली.

झालं होतं ते इतकंच. मंडळाने रस्ता बरोबर मोजला होता आणि रेघही बरोबर मारली होती. पण दौडीच्या सकाळी कडाक्याची थंडी. वळणावर उभ्या केलेल्या कार्यकर्त्यांनी शेडच्या आडोशाला शेकोटी पेटवली. शेकोटी सोडून दोनशे मीटर लांब वाऱ्यात कोण उभं राहील? त्यांनी ड्रमच शेकोटीजवळ आणला. झेंड्यासकट. जाताना दोनशे मीटर कमी, येताना दोनशे कमी. आमच्या गावाच्या त्या दौडीत आम्ही सगळे नऊ किलोमीटर सहाशे मीटर धावलो आणि दहाची मेडलं गळ्यात घालून पोहे खाल्ले. ज्यांनी हे केलं ते दोघेही माझे मित्र आहेत. मी जाब विचारला तर एक म्हणाला, "अबे, तुले चारशे मीटर कमी दौडा लागलं, तं बरंच झालं ना!"

घरी येऊन मी हिशोब केला. त्याच वेगाने पूर्ण दहा धावलो असतो तर एकसष्ट मिनिटं सात सेकंद. दोनदा केला. सात सेकंद हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चौकट काढून कपाटात ठेवली, लग्नाच्या फोटोशेजारी. खिळा तसाच राहिला. कोणी विचारलं तर सांगायचो, काच फुटली. बायकोने एकदा त्याला कॅलेंडर अडकवलं, ते मी काढून ठेवलं. तिने पुन्हा कधी काही अडकवलं नाही. पंधरा दिवस मी टाइमकीपरांवर मनापासून चिडलेला होतो. रस्ता मोजायला म्हाताऱ्याला दुसरं गाव नव्हतं का?

सोळाव्या दिवशी मीच त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "बाबूजी, पूरे दहा कुठून कुठपर्यंत होतात, ते मला दाखवून द्या."

"दाखवायचं काय त्याच्यात," ते म्हणाले. "चला, दौडू."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही बरोबर धावायला लागलो. म्हणजे निघायचो बरोबर. त्यांचा वेग कधी बदलत नसे, चढ असो, उतार असो, कुत्रं मागे लागलेलं असो. अंगात खात्याचा निळा स्वेटर, खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट आणि कानटोपी. मे महिन्यातही कानटोपी असायचीच, फक्त तेव्हा ती वर गुंडाळलेली. वळणावर ते रस्ता ओलांडून आतल्या कडेला जायचे आणि पुढच्या वळणाला पुन्हा इकडच्या कडेला. बोरगावच्या दौडीत नागपूरच्या एका धावणाऱ्याने त्यांना यावरून चोर म्हटलं. टाइमकीपर धावता धावताच त्याला समजावत होते, "मोजनारा आतल्या कडेनंच मोजते जी. तुमी बाहेरून दौडून राहिले, तं तुमीच जास्ती दौडून राहिले. काहून जास्ती दौडता?" तो बिचारा धापा टाकत बाहेरूनच पळत राहिला. पुढच्या वळणावर मात्र तो आतल्या कडेला आला.

शिकवणं त्यांना ठाऊक नव्हतं. मी दर दोन मिनिटांनी मनगट बघायचो, त्याचा त्यांना राग यायचा. शेवटी एकदा म्हणाले, "घड्याळ पाहून रस्ता कमी होते का?" तेव्हापासून मी धावताना घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली ठेवायला लागलो. एवढंच ते माझं प्रशिक्षण. पण रविवारमागून रविवार गेले, आणि पोट गेलं, आणि शुगरची एक गोळी बंद झाली.

त्यांचा खरा स्वभाव मला सौंसरच्या दौडीत कळला. रामाकोन्याच्या रस्त्याने जाऊन परत यायचं, दहा किलोमीटर. साठीच्या वरच्यांना वेगळा करंडक होता. चांगला गुडघ्याएवढा करंडक, टेबलावर मांडून ठेवलेला. टाइमकीपर साठीच्या वरच्यांत सगळ्यांच्या पुढे होते, आणि बरंच पुढे. मी त्यांच्या मागे शंभर पावलांवर होतो. कमान समोर दिसत होती, लोक टाळ्या वाजवत होते. आणि कमानीच्या दीडशे मीटर अलीकडे, एका चहाच्या टपरीसमोर, हे थांबले. थांबले म्हणजे काय, कंबरेवर हात ठेवून उभेच राहिले. मी धापा टाकत पोचलो. "बाबूजी, काय झालं? पाय?"

"झाले," ते म्हणाले. "पूरे दहा झाले अठी. पहिलेच मोजून ठेवलं होतं मी."

"अहो, कमान पुढे आहे!"

"कमान त्यायनं गलत जागी लावली. त्याले मी काय करू?" आणि ते टपरीच्या बाकावर बसले.

माईकवरून त्यांचा नंबर पुकारला जात होता. "काकाजी, या! थोडंसंच राहिलं! या, काकाजी!" लोक हात करून बोलावत होते. हे चहा फुंकून पीत होते. मागून एक पेन्शनर धडपडत आले, यांच्याकडे संशयाने बघत पुढे गेले आणि करंडक घेऊन गेले. परतीच्या बसमध्ये मीच हळहळत होतो. त्यांना विचारलं, एवढी दीडशे पावलं टाकली असती तर काय बिघडलं असतं? बाहेर सगळीकडे कापसाची शेतं. ते म्हणाले, "मी दहाची दौड दौडायले आलो होतो. ते दौडलो. बाकीचं त्यायचं." त्यांना वाईट वाटलं नव्हतं. भूक लागली होती, एवढंच. घरून आणलेला डबा त्यांनी उघडला आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. त्या दौडीत माझे एक तास एक मिनिट झाले होते, दीडशे मीटर जास्तीच्या धरून. म्हणजे खरे दहा एका तासाला जेमतेम चिकटले होते. मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "दौडत राहा."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, हे मोजायचं वेड लागलं कसं. नोकरीत असताना कुठल्यातरी रस्त्यावर त्यांनी किलोमीटरचे दगड बसवताना पाहिले होते. शेवटचा दगड गाडीतून उतरवला तो जरा अलीकडेच पडला. जड होता. सगळे थकलेले होते. तिथेच पुरला. "तेवा मी बोललो नाही," ते म्हणाले. "माह्यं काम हजेरीचं होतं. आजही लोकं तो दगड पाहून समजतात, का गाव आलं. अन् गाव तं बाकीच असते." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. तो दगड कुठला, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता ते रामाकोन्याला लेकीकडे असतात. पांढुर्ण्याचं घर बंद करून गेले. गुडघा त्यांना फार चालू देत नाही. मी वर्षातून दोन-तीनदा जातो. गेलो की लेक सांगते, "बाबाईनं अंगनापासून विहिरीपर्यंतचं पाऊल पाऊल मोजलं, आता शेजाऱ्याच्या अंगनात घुसून राहिले." ते ऐकू न आल्यासारखं दाखवतात. मजेत आहेत.

गुडघा पहिल्यांदा दुखला तो त्या सर्टिफिकेटनंतरच्या जानेवारीच्या थोडा आधी. धावायचं नाही, सायकल चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि त्या दौडीसाठी तर मी वर्षभर धावत होतो. पांढुर्ण्याचाच रस्ता, जिथे मला खोटे अठ्ठावन्न मिळाले होते. तिथेच खरे मिळवायचे. टाइमकीपर लंगडत मंडळाच्या बैठकीला गेले आणि अध्यक्षांना म्हणाले, या वर्षी ड्रम रेघेवरच ठेवा.

"हाव बाबूजी, शब्द देतो," अध्यक्ष म्हणाले. "ड्रम हलनार नाही."

टाइमकीपरांनी स्वतः मोजून पिवळ्या ऑइलपेंटने नवी रेघ मारली. जाड, हातभर लांब, बाजूला पाचचा आकडा.

दौडीच्या दिवशी धुकं होतं आणि वारा सुटला होता. मला मैदानावर टाइमकीपर दिसले नाहीत. मी घड्याळ सुरू केलं, बाहीखाली ढकललं आणि निघालो. पाय हलके होते. तिगावच्या रस्त्यावर दगडामागून दगड मागे पडत होते. मला वाटत होतं, आज होणार. आणि मग शेडजवळ धूर दिसला. शेकोटी. आणि शेकोटीजवळ झेंडा लावलेला ड्रम. तेच दोघे मित्र हात शेकत ओरडत होते, "वळ, वळ! मस्त दौडून राहिला!"

मी पुढे बघितलं. धुक्यात पिवळी रेघ दिसत नव्हती, पण ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं. तसंच पुढे जायला हवं होतं. पण मागून माणसं येत होती, समोर ड्रम होता, आणि माझे पाय सगळ्यांसारखेच ड्रमला वळसा घालून वळले. खरं सांगतो, मला त्या क्षणी रडू आलं. वर्षभराचे रविवार एका शेकोटीत गेले.

परतीच्या रस्त्यावर मी स्वतःशी भांडत होतो. कोणाला कळणार आहे? टाइमकीपर या वर्षी धावत नाहीत. सर्टिफिकेट मिळेल, चौकट तयार आहे, खिळा तयार आहे. मग वाटायचं, त्या खिळ्याकडे रोज मलाच बघायचंय. असं करत करत मैदान आलं. कमानीवरच्या घड्याळात लाल आकडे होते, सत्तावन्न सव्वीस. बायको कमानीशेजारी मोबाइल वर धरून उभी होती. तिच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा माझा एकच फोटो आहे, आणि तो पाठीचा आहे. कारण मी थांबलो नाही.

"ओ भाऊ! झाली दौड! ओ दुकानवाले, थांबा!" माईकवरून अध्यक्ष ओरडले. लोक खो खो हसले. मी मैदान ओलांडून बाजाराच्या रस्त्याला लागलो. चारशे मीटर म्हणजे नेमके कुठे, हे मला माहीत नव्हतं. छाती फुटत होती. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली एक बाई म्हणाली, "काय झालं जी? कोन मांगं लागलं?" मी माझ्याच बंद दुकानासमोरून धावत गेलो.

आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी रस्त्यावर चुन्याची ताजी रेघ होती. शेजारी काळी सायकल. सायकलला धरून कानटोपीतले टाइमकीपर उभे. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रेघेवर होती.

"रेघीच्या पुढं पाय टेकवा!" ते ओरडले. "अलीकडं थांबू नोका! पुढं! पुढं!"

मी रेघ ओलांडली, घड्याळाचं बटण दाबलं आणि बटाट्याच्या एका पोत्यावर बसलो. टाइमकीपर दुखऱ्या गुडघ्याने खाली वाकले आणि माझा पाय कुठे पडला ते त्यांनी रस्त्यावर हात ठेवून पाहिलं.

"पूरे दहा," ते म्हणाले.

सकाळीच ते सायकलवर शेडपर्यंत गेले होते. ड्रम हललेला पाहिला. त्या दोघांशी वाद घातला नाही. तिथून मोजत परत आले आणि जेवढं कमी पडत होतं, तेवढं कमानीच्या पुढे मोजून रेघ मारली. मला श्वास मिळाला तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, मी इथे येईन?"

"ठाऊक नव्हतं जी. रेघ तं मारा लागतच होती."

मग ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि घसा साफ केला.

"किती झाले?"

मला कळलंच नाही. "काय किती?"

"टाइम, बाप्पा! टाइम किती झाला तं सांगा ना लवकर!"

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी बाही वर केली. एकोणसाठ अठ्ठेचाळीस. मला नीट सांगताही आलं नाही, मी मनगटच त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डोळे बारीक करून आकडा वाचला आणि दोनदा स्वतःशीच म्हटला. मग सायकलच्या कॅरिअरमधून वही काढली. माझ्याच दुकानातली, शहाण्णव पानांची. तिच्यात त्यांनी चार रकाने आखलेले असायचे. तारीख, रस्ता, फेरे, अंतर. तारीख लिहिली, रस्ता लिहिला, फेरे लिहिले, अंतराखाली दहा लिहिले. वेळेला त्या वहीत रकाना नव्हता. त्यांनी ती समासाबाहेर लिहिली, हजेरीच्या त्या नीटनेटक्या अक्षरात, आणि खाली सही केली.

मग ते पान त्यांनी अलगद फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे त्या खिळ्याले लावा."

मी पोत्यावर पान धरून बसलो होतो. त्यांनी वही मिटली, पुठ्ठ्यावरचा शहाण्णव खोडून पंच्याण्णव केला, आणि सायकल हातात धरून लंगडत पोहे खायला निघाले.